ड्राफ्टआधी पोरगा कसा बघायचा: ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या नव्या निरीक्षकासाठी

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण सहज म्हणून जातो. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीनं नवी पोरं निवडणं, या म्हणीला वारंवार खोटं पाडतो. २००१ च्या ड्राफ्टमध्ये पहिली तीन नावं होती ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड. तिघांचीही कारकीर्द मोठी झाली, म्हणजे निवडणाऱ्यांच्या नजरेत खोट नव्हती. पण त्याच ड्राफ्टमध्ये ३६ व्या क्रमांकावर सॅम मिचेल गेला आणि ५८ व्या क्रमांकावर डेन स्वॉन. पुढे या दोघांच्याही गळ्यात ब्राउनलो पदक पडलं. हंगामातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला मिळणारा हा मान आहे. मिचेलला तर आदल्या वर्षी एकाही क्लबनं घेतलं नव्हतं.

तेव्हाही मैदानाच्या कडेला वह्या घेऊन जाणकार उभे होतेच. त्यांना जे दिसलं नाही ते बघायला कसं शिकायचं, यासाठी हा लेख. मी मेलबर्नमध्ये राहतो आणि हिवाळ्यातले बरेचसे शनिवार-रविवार अठरा वर्षांखालच्या पोरांचे सामने बघण्यात घालवतो. इथली अनेक मराठी मुलं आता शाळेत फुटी, म्हणजे हाच खेळ, खेळतात, लहानग्यांच्या ऑसकिक शिबिरांना जातात, आणि त्यांचे आईबाबा विचारतात की ही निवड नेमकी होते तरी कशी. ज्यांना हा खेळ नुकता आवडू लागला आहे आणि नोव्हेंबरच्या ड्राफ्टआधी स्वतःची यादी करून बघायची आहे, त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

आधी ड्राफ्ट समजून घ्या

आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर दोन गोष्टी डोक्यातून काढून टाका. एक, इथे पैशांची बोली लागत नाही, पाळी लागते. एएफएल या सर्वोच्च लीगमध्ये १८ क्लब आहेत. गुणतक्त्यात तळाला राहिलेल्या क्लबाची पाळी पहिली आणि विजेत्याची शेवटची, हा मूळ नियम. या पाळ्यांची क्लबांमध्ये देवाणघेवाण होते, त्यामुळे प्रत्यक्षातला क्रम बराच उलटासुलटा होतो. दोन, आयपीएलमध्ये बहुतेकांनी मोठ्यांचं क्रिकेट खेळलेलं असतं. इथे निवडली जाणारी बहुसंख्य पोरं अठरा वर्षांची, नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली. मेलबर्नमध्ये वाढलेल्या पोराचं नाव पर्थच्या क्लबानं पुकारलं की त्यानं बॅग भरायची. क्लब निवडण्याचा हक्क त्याला नाही.

हा ड्राफ्ट १९८६ मध्ये सुरू झाला. ज्या वर्षीचा ड्राफ्ट, त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ज्याला १८ वर्षं पूर्ण होतात तो पात्र. दरवर्षी साधारण ६० ते ७० जणांची निवड होते. याशिवाय उरलेल्या नवख्यांसाठी रूकी ड्राफ्ट असतो आणि २०१९ पासून हंगामाच्या मध्यावरही एक छोटा ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला आहे. त्याच्याकडे शेवटी वळू.

पहिली पायरी: पोरं कुठे खेळतात ते शोधा

व्हिक्टोरियात टॅलेंट लीग. सँडरिंगहॅम ड्रॅगन्स, ओकली चार्जर्स, कॅल्डर कॅनन्स, जिलाँग फाल्कन्स, बेंडिगो पायोनियर्स असे विभागवार संघ, आणि टास्मानियाचा संघही यातच. दक्षिण ऑस्ट्रेलियात एसएएनएफएल आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात डब्ल्यूएएफएल या जुन्या लीगांचे कनिष्ठ संघ आहेत. हंगामाच्या मध्यावर राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते: व्हिक मेट्रो (मेलबर्न शहर), व्हिक कंट्री (उरलेला व्हिक्टोरिया), साउथ ऑस्ट्रेलिया, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि उरलेल्या प्रदेशांचा मिळून अलाइज. त्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला लार्क पदक मिळतं.

नवख्याची इथे पहिली चूक होते. टॅलेंट लीगच्या यादीत एखाद्या पोराचे चारच सामने दिसले की तो जखमी होता किंवा संघाबाहेर होता, असं वाटतं. खरं तर मेलबर्नमधली कितीतरी चांगली पोरं हिवाळ्यात आपल्या शाळेकडून खेळतात, कारण मोठ्या खासगी शाळांची स्वतःची कडवी स्पर्धा आहे. तेव्हा पोराचं पूर्ण वर्ष मांडा: शाळा, विभाग, राज्य. आणि जर तो मोठ्यांच्या संघातून खेळला असेल तर त्या सामन्याखाली दोन रेघा मारा. सतरा वर्षांचं पोर तिशीच्या सुतार-प्लंबरांच्या खांद्याला खांदा लावून चेंडूवर झेपावतं, तेव्हा त्याच्या बारा स्पर्शांत समवयस्कांमधल्या तिसांपेक्षा जास्त माहिती असते. अॅडलेड आणि पर्थची पोरं या बाबतीत थोडी भाग्यवान आहेत, त्यांना ही पायरी आपल्याच क्लबात मिळते.

दुसरी पायरी: जन्मतारीख लिहा, नावाच्याही आधी

माझ्या वहीत प्रत्येक पानावर डाव्या कोपऱ्यात जन्माचा महिना असतो. ही सवय मला चुकीतून लागली. एका दणकट बांध्याच्या पोरावर मी हंगामभर भाळलो होतो. तो प्रत्येक टॅकल मोडून निघायचा. त्याच सामन्यांत समोरच्या संघात एक काटकुळा पोरगा होता, त्याच्यापुढे मी ‘ताकद नाही’ असं लिहून पान उलटलं. पहिला जानेवारीचा होता, दुसरा डिसेंबरचा. म्हणजे एकाच ड्राफ्टमध्ये जवळजवळ वर्षाचं अंतर, आणि अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे केवढं तरी. दोन वर्षांनी मी त्या काटकुळ्याला मोठ्यांच्या सामन्यात पाहिलं, तेव्हा तो खांद्यानं भरला होता. चेंडू उचलण्याची हातोटी मात्र तीच होती, जी मी तेव्हा पाहूनही लिहिली नव्हती.

जन्मतारखेइतकंच महत्त्वाचं म्हणजे अंगकाठी कुठवर आली आहे. काही पोरं सोळाव्या वर्षीच दाढी करतात आणि तिथेच थांबतात. काहींची उंची अठराव्या वर्षीही वाढत असते. शक्य असेल तर वडील किंवा मोठा भाऊ शेजारी उभा असताना बघा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही, क्लबांचे लोकही घरच्यांची चण पाहतात.

प्रश्न नेहमी असा विचारा: आज तो जे जिंकतो आहे ते, बाकीचे सगळे त्याच्या मापाचे झाल्यावरही, जिंकेल का? निव्वळ शक्तीनं मिळालेलं यश वरच्या पातळीवर विरघळतं. अंदाज, हाताची सफाई, लाथेची अचूकता या गोष्टी मागे उरतात.

तिसरी पायरी: चेंडूकडे बघणं सोडा

हे सर्वात अवघड आहे आणि मी याच्यावरच सर्वात जास्त वेळ घालवायला सांगेन.

मैदान अवाढव्य असतं. लांबी १३५ ते १८५ मीटर, एका बाजूला १८ खेळाडू, आणि क्रिकेटसारखा अंडाकृती घेर. हा खेळ मुळात मेलबर्नच्या क्रिकेटवाल्यांनीच घडवला, टॉम विल्सनं १८५८ मध्ये पत्र लिहून हिवाळ्यात अंग मोकळं ठेवायला फुटबॉल क्लब काढा असं सुचवलं होतं. आपण क्रिकेट पाहिलेली माणसं सवयीनं चेंडूमागे नजर नेतो. इथे तसं केलंत तर एका पोराला दोन तासांत जेमतेम तीन-चार मिनिटं पाहाल. म्हणून एक पोरगा, एक क्वार्टर (सामन्याचा चौथा भाग). त्या वीस-पंचवीस मिनिटांत चेंडू कुठेही असो, तुमची नजर त्याच्यावर. दुर्बीण असेल तर उत्तम. शक्यतो गोलामागे उभे राहा, कारण बाजूनं बघताना खेळाडूंमधलं अंतर कळत नाही. मागून बघितलं की कुठली वाट मोकळी होती आणि त्यानं कुठली घेतली, हे दोन्ही दिसतं.

मग काय बघायचं?

चेंडू त्याच्याकडे येण्याआधी तो मान वळवून आजूबाजूला पाहतो का. चांगली पोरं चेंडू हातात पडण्याआधी दोनदा-तीनदा खांद्यावरून नजर टाकतात. ज्याला हे जमतं त्याच्यापाशी वेळ असतो, गर्दीतही तो घाईत दिसत नाही. वेस्टर्न बुलडॉग्ज क्लबाच्या मार्कस बॉन्टेम्पेलीला खेळताना बघा, एवढा उंच माणूस चिखलात पाच जणांच्या मध्ये उभा असूनही निवांत वाटतो. तो निवांतपणा नजरेतून येतो.

जमिनीवरचा चेंडू. ही लंबगोल वस्तू कशीही उसळते. पोरगा एका झटक्यात स्वच्छ उचलतो की दोनदा चाचपडतो? ओल्या दिवशी मुद्दाम जा. जुलैतल्या मेलबर्नमध्ये असे दिवस हवे तितके मिळतात. कोरड्या मैदानावर सगळेच सफाईदार दिसतात.

दोन्ही पाय. मी किकच्या पुढे ‘उ’ किंवा ‘डा’ लिहितो, आणि दबावाखाली असेल तर अक्षराभोवती वर्तुळ. सामना संपल्यावर वर्तुळं मोजली की चित्र उमटतं. एखादा पोरगा कायम उजवीकडे वळतो, कारण डावा पाय चालत नाही. हे पोरांच्या सामन्यात खपून जातं, एएफएलचा बचावपटू मात्र दुसऱ्या सामन्यापासून ती वाट बंद करून ठेवतो. सॅम मिचेल वेगवान नव्हता, पण दोन्ही पायांनी सारखाच मारायचा, त्यामुळे त्याला कुठल्याही बाजूनं कोंडता येत नसे. हे अठराव्या वर्षीही दिसत असणारच. दिसत होतं ते धावण्याच्या वेगाखाली झाकलं गेलं.

किकची नुसती लांबी पाहू नका. चेंडू हातातून पायावर कसा सोडतो ते पाहा. हात जितका खाली जाऊन चेंडू सोडेल तितका वाऱ्याचा त्रास कमी. सँडरिंगहॅमचं मैदान समुद्राच्या अगदी जवळ आहे, तिथे वाऱ्याच्या दिवशी दोन तास उभं राहिलं की कोणाची किक घडवलेली आहे आणि कोणाची चालून जाणारी, ते आपोआप वेगळं होतं. आणि किक कुठे पडते? धावत येणाऱ्या साथीदाराच्या पुढ्यात, की त्याला थांबून मागे वळावं लागतं?

टॅकल झाल्यावर. पकडला गेलेला खेळाडू वेळ मिळूनही चेंडू सोडू शकला नाही तर दंड होतो. त्या क्षणी काही पोरं डोळे मिटून चेंडू भिरकावतात. काही जण हात वर मोकळे ठेवतात आणि पडता पडता हँडबॉल देतात, म्हणजे मुठीनं चेंडू साथीदाराकडे मारतात. दुसऱ्या जातीची पोरं माझ्या यादीत लगेच दहा जागा वर चढतात.

आणि शेवटचं, बहुतेक प्रेक्षक जे पाहतच नाहीत: चेंडू गेल्यावर. आपल्या संघाकडून चेंडू निसटला, प्रतिस्पर्धी पळत सुटला, ८० मीटर मागे धावायचं आहे आणि पोचण्याची शक्यता कमी आहे. धावतो का? पहिल्या क्वार्टरमध्ये सगळे धावतात. चौथ्या क्वार्टरमध्ये, संघ ४० गुणांनी मागे असताना, कोण धावतं ते लिहून ठेवा. चूक झाल्यावर तो काय करतो हेही पाहा. हात उडवून साथीदाराकडे बोट दाखवणारा आणि लगेच पुढच्या चेंडूवर जाणारा, यांतला फरक शंभर मीटरवरून कळतो.

एका सामन्यावर मत बनवू नका. तीन सामने हवेत, त्यातला एक हरलेला आणि एक पावसातला असावा.

चौथी पायरी: जागेप्रमाणे माप बदला

मध्यफळीतल्या पोराला चेंडू सतत मिळतो, त्यामुळे तो लवकर ओळखू येतो. ड्राफ्टच्या वरच्या टोकाला मध्यफळीची गर्दी असते त्याचं एक कारण हेही. त्यांच्यात गर्दीतून चेंडू बाहेर काढणं आणि बाहेर काढल्यावर काहीतरी घडवणं या दोन्ही गोष्टी हव्यात. एकच असेल तर ते वहीत स्पष्ट लिहा.

उंच पोरांचं गणित वेगळं. मॅक्स गॉन २००९ मध्ये ३४ व्या क्रमांकावर मेलबर्न क्लबात गेला. दोन मीटरच्या वरचा रकमन, म्हणजे पंचानं चेंडू खेळात टाकल्यावर उडी मारून तो आपल्या माणसाकडे ढकलणारा. गुडघ्याच्या दुखापती झाल्या, वर्षं गेली, आणि ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडक संघात, तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये. सात वर्षं! उंच पोराला अठराव्या वर्षी जोखणं म्हणजे कलम लावल्या वर्षी आंब्याची चव सांगणं. त्यामुळे त्यांच्याबाबतीत आजची कामगिरी कमी आणि पायांची चपळाई, उडीची वेळ, हात किती उंचावर चेंडू पकडतात हे जास्त पाहा. छातीवर चेंडू घेणारा उंच पोरगा पोरांमध्ये चालतो, वर त्याच्या हातासमोरूनच चेंडू ठोसा मारून उडवला जातो.

छोट्या चणीच्या आक्रमकांना मात्र क्लब वर्षानुवर्षं कमी लेखत आले. एडी बेट्सला २००४ च्या राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये कोणी पुकारलं नाही, त्यानंतरच्या प्री-सीझन ड्राफ्टमधून तो कार्लटनमध्ये आला आणि ६४० गोल मारून निवृत्त झाला. अशा पोरांचे स्पर्श मोजू नका, ते दिवसाला दहाच असतील. चेंडू जमिनीवर पडण्याच्या क्षणी ते कुठे उभे आहेत ते बघा, आणि बचावपटूवर किती दडपण आणतात.

बचावपटूंविषयी थोडक्यात: समोरच्यानं गोल मारला की दोष त्याचा की चेंडू आणणाऱ्यांचा, हे ठरवल्याशिवाय लिहू नका.

पाचवी पायरी: आकडे, पण नंतर

सामना बघून घरी आल्यावरच आकडे उघडा. आधी उघडलेत तर डोळे आकड्यांचं ऐकतात.

३० डिस्पोजल म्हणजे किक आणि हँडबॉल मिळून ३० वेळा चेंडू पुढे दिला. छान वाटतं. पण त्यातले १५ मागच्या फळीत, कोणी आसपास नसताना, बाजूच्या माणसाला दिलेले असतील तर? झगडून मिळवलेले चेंडू किती, मध्यावरच्या गर्दीतून सोडवून बाहेर काढलेले किती, समोरच्या गोलापुढच्या ५० मीटरच्या कमानीत पोचवलेले किती, टॅकल किती, हे वेगळं बघा. कोणत्या संघाविरुद्ध हेही. आणि आकडे आणि तुमची वही यांचं जुळत नसेल तर त्या पोराचा आणखी एक सामना बघायला जा. या विसंगतीतूनच मला सर्वात जास्त शिकायला मिळालं आहे.

सहावी पायरी: कंबाइन

ऑक्टोबरच्या सुमारास ज्या पोरांत क्लबांना रस आहे त्यांना मेलबर्नच्या राष्ट्रीय कंबाइनला बोलावतात, बाकीच्यांसाठी राज्यांची कंबाइन असतात. २० मीटर धाव, वळणांची चपळाई-चाचणी, जागेवरून आणि धावत येऊन उडी, २ किलोमीटर धाव, वैद्यकीय तपासणी आणि क्लबांच्या मुलाखती. २० मीटर २.९ सेकंदांच्या आत आलं तर पोरगा खरोखर वेगवान. २ किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास म्हणजे दमसास उत्तम.

या आकड्यांचा उपयोग एकच: मैदानावर पाहिलेलं पडताळून बघणं. तुम्हाला वेगवान वाटलेला पोरगा घड्याळावर मंद निघाला तर बहुधा तो खेळ लवकर वाचतो, आणि ही चांगली बातमी आहे. उलट घड्याळावर विजेसारखा धावणारा पण सामन्यात कधीच मोकळा न सुटणारा पोरगा असेल, तर त्याला कुठे धावायचं ते कळत नाही. मॅट प्रिडिसकडे ना वेग होता ना देखणी किक. वेस्ट कोस्टनं त्याला रूकी ड्राफ्टमधून घेतलं आणि २०१४ मध्ये त्यानं ब्राउनलो जिंकलं. दुसऱ्या टोकाला निक नायटानुई. २००८ मध्ये त्याच्या उडीनं सगळे थक्क झाले, तो दुसऱ्या क्रमांकावर गेला आणि ती उडी त्यानं खरोखर सामन्यांत वापरली. म्हणजे चाचण्या खोट्या नसतात. त्या अर्ध्या असतात.

सातवी पायरी: माणूस

क्लबांचे लोक पोराच्या घरी जातात, प्रशिक्षकांशी, शिक्षकांशी बोलतात, पोरगा हरल्यावर बसमध्ये कसा वागतो हेसुद्धा विचारतात. तुम्हा-आम्हाला ते दार उघडं नाही आणि उघडायचा प्रयत्नही करू नये. आपल्याला दिसतं ते मैदानावरचं: पाणी घेऊन येणाऱ्याशी तो कसा वागतो, राखीव बाकावर बसवल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय करतो, नव्या पोराला जागा दाखवतो का.

इथे मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिता ती सतरा-अठरा वर्षांची मुलं आहेत आणि ती स्वतःचं नाव शोधून सगळं वाचतात. त्यांची आईही वाचते. ‘मंद’, ‘मनानं कच्चा’ असे शब्द वहीतही लिहू नका, जे पाहिलं ते लिहा: ‘चौथ्या क्वार्टरमध्ये तीनदा मागे धावला नाही.’ मन कच्चं की पक्कं हे तुम्हाला कुंपणापलीकडून कळलेलं नसतं.

२०१३ चा ड्राफ्ट म्हणून मला फार जवळचा वाटतो. पहिल्या क्रमांकावर जीडब्ल्यूएसनं (ग्रेटर वेस्टर्न सिडनी) टॉम बॉइडला घेतलं. दोन मीटर उंच, सगळ्यांच्या यादीत अव्वल. चौथ्या क्रमांकावर वेस्टर्न बुलडॉग्जनं बॉन्टेम्पेलीला घेतलं, तेराव्यावर कार्लटननं पॅट्रिक क्रिप्सला. क्रिप्सनं पुढे दोन ब्राउनलो जिंकली, बॉन्टेम्पेली बुलडॉग्जचा कर्णधार झाला. बॉइड एका हंगामानंतर बुलडॉग्जकडे आला, आणि २०१६ च्या ग्रँड फायनलमध्ये, जेव्हा त्या क्लबानं १९५४ नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळवलं, त्यानं तीन गोल मारले. २०१९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. आपल्या मानसिक आरोग्याविषयी तो मोकळेपणानं बोलला आहे. मग पहिली निवड चुकली असं म्हणायचं? मी म्हणणार नाही. पोरांना क्रमांक आपण देतो, आणि त्या क्रमांकाचं ओझं त्यांना वाहावं लागतं, एवढं लक्षात ठेवून यादी करावी.

आठवी पायरी: नियमांनी बदलणारा क्रम

याद्या वाचताना गोंधळ होऊ नये म्हणून हे. ज्याच्या वडिलांनी एखाद्या क्लबाकडून १०० सामने खेळले आहेत, त्या मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क असतो. निक डेकॉस २०२१ मध्ये असाच कॉलिंगवुडला आला, वडील पीटर डेकॉस यांच्याच क्लबात. सिडनी, जीडब्ल्यूएस, ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट यांच्या अकादमींतल्या पोरांनाही असाच हक्क लागू होतो. दुसऱ्या क्लबानं त्या पोराचं नाव घेतलं की मूळ क्लबाला, प्रत्येक पाळीला जे ठरावीक गुण असतात, त्या आपल्या गुणांतून तेवढी किंमत भरावी लागते. कॅलम मिल्स २०१५ मध्ये या गुणपद्धतीनं तिसऱ्या क्रमांकावर सिडनीला गेला. याचा पोराच्या गुणवत्तेशी संबंध नाही. तुमच्या यादीत तो जिथे आहे तिथेच ठेवा.

नववी पायरी: यादी

एक ते साठ असे क्रमांक लावू नका. सतरावा आणि एकोणिसावा यांत फरक सांगता येत नाही, क्लबांनाही येत नाही. पाच गट करा. पहिल्यात ज्यांच्याविषयी शंका नाही असे, बहुधा चार-पाचच. दुसऱ्यात एक स्पष्ट उणीव असलेले. तिसऱ्यात उंच आणि वेळ लागणारे. चौथ्यात एकच गुण पण तो असामान्य असलेले. पाचव्यात ज्यांना पुरेसं पाहिलं नाही असे, आणि हा गट प्रामाणिकपणे मोठा ठेवा. प्रत्येक नावापुढे एक वाक्य: तेविसाव्या वर्षी हा कुठे आणि कसा खेळत असेल. ते वाक्य सुचत नसेल तर त्याचा अजून एक सामना बघायला हवा.

नोव्हेंबर जवळ आला की सगळीकडे संभाव्य याद्या फिरू लागतात. तुमची यादी पूर्ण होऊन वहीत तारीख पडेपर्यंत त्या वाचू नका. एकदा वाचल्या की आपलं मत कुठलं आणि ऐकीव कुठलं हे वेगळं करता येत नाही, मला तरी येत नाही.

ड्राफ्टच्या रात्री ज्यांची नावं पुकारली गेली नाहीत त्यांच्याकडे विशेष लक्ष द्या. नावं खोडू नका. ती पोरं पुढच्या हंगामात व्हीएफएल (व्हिक्टोरियाची राज्य लीग), एसएएनएफएल किंवा डब्ल्यूएएफएलमध्ये मोठ्यांबरोबर खेळत असतात, आणि तुमच्याकडे त्यांच्या सतराव्या वर्षीच्या नोंदी आहेत. मार्लियन पिकेट साउथ फ्रीमँटलकडून खेळत होता, २७ वर्षांचा, चार मुलांचा बाप. रिचमंडनं त्याला २०१९ च्या मध्य-हंगामी ड्राफ्टमध्ये घेतलं. एएफएलमधला त्याचा पहिला सामना होता त्याच वर्षीची ग्रँड फायनल. त्यानं त्यात गोल मारला आणि रिचमंड जिंकलं.

वही जपून ठेवा आणि तीन वर्षांनी उघडा. जिथे चुकलात तिथे त्या दिवशी काय पाहिलं होतं ते वाचा, निकाल वाचू नका. माझ्या त्या डिसेंबरवाल्या पोराच्या पानावर, ‘ताकद नाही’च्या खाली, बारीक अक्षरात मीच लिहिलेलं होतं: ‘ओला चेंडू, एका हातानं, दोनदा.’